तिची चक्कर

माझी बायको माघात गेली. विड्या वळताना पाणी प्यायला म्हणून उठली आणि पडली. रांजणाच्या कट्ट्यावर डोकं आपटलं. मी दारात आरसा टेकवून दाढी करत होतो. आवाज आला. मला वाटलं कळशी पडली. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "आता काय फोडलंस गं?" आणि गालावरचा साबण पुसून मगच आत गेलो.

दोन दिवस दवाखान्यात होती. डोळे उघडले नाहीत. मेंदूत रक्त झालं असं कागदावर लिहून दिलं. पडली म्हणून रक्त झालं का रक्त झालं म्हणून पडली, हे त्या कागदात नव्हतं. मीही विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही. नंतर मात्र तोच एक किडा डोक्यात शिरला तो आजवर बाहेर आलेला नाही.

कारण तिला चक्कर येते हे मला माहीत होतं. आठ-दहा वर्षं यायची. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसली की दुपारपर्यंत उठायची नाही. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मग उठली की भिंतीला हात लावून उभी राहायची. म्हणायची, "अवो, घर फिरतंय." मी म्हणायचो, "घर फिरत न्हाय, तुझं डोकं फिरलंय. जेवत न्हाईस, चहावर दिवस काढतीस, दुसरं काय हुणार?" हे बोलून झालं की मला वाटायचं मी तिला औषध सांगितलं.

डोकंही खाजायचं तिचं. तंबाखूची भुकटी उडते, ती केसात बसते, वर घाम. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याचं घर. ती दोऱ्याची सुई उलटी धरून खाजवायची. मी ताटावर बसलो आणि तिचा हात डोक्याकडे गेला की मी ताट सरकवायचो. फक्त सरकवायचो, बोलायचो नाही. तिला कळायचं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला तिच्या केसांतल्या तंबाखूनं शिंका यायच्या. मी मागावर काम करायचो, चादरीच्या कारखान्यात. दिवसभर सुताचे तंतू नाकात, घरी आल्यावर ही तंबाखू. लग्नाला वर्ष झालं नसेल, एकदा चिडून म्हणालो, "तू उशी तिकडं घे." तिनं उशी उचलली आणि माझ्या पायथ्याला ठेवली. त्या दिवसापासून ती पायथ्यालाच झोपली. तिचं डोकं माझ्या पायापाशी. पुढे माझं काम सुटलं, सूत बंद झालं, शिंकाही थांबल्या. तरी उशी वर घे असं मी म्हणालो नाही आणि तिनं विचारलं नाही.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, शिकेकाई लावून केस धुतले, कपाळाला विभूती लावली. मी जवळ गेलो तर वास होताच. धुऊन जाणारा नव्हता तो.

शेजारी एक तेलगू बाई राहते. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. बायकोचं आणि तिचं तीस वर्षं सुपाला सूप लावून बसणं. तिसऱ्या दिवशी ती आली, बायकोचं सूप पुढं ओढलं आणि वळायला बसली. अर्ध्या सुपात पान-तंबाखू तशीच पडली होती. मी म्हटलं, "अक्का, राहू दे की." ती म्हणाली, "न्हाई अण्णा. अर्धं सूप ठिवून गेलेल्या बाईचा हात वळवळतो म्हणत्यात. सपवू दे." आमच्या गल्लीत तशी रीतच आहे. मेलेल्या बाईचं उरलेलं काम दुसरीनं वळून विडीच्या कारखान्यात द्यायचं. तिनं सगळं वळलं, डोळे पुसत, एकही विडी ढिली न ठेवता. सूप उपडं करून भिंतीला लावलं.

एक डबा तेवढा राहिला. तुपाचा जुना पत्र्याचा डबा, त्यात सुपाच्या तळाला राहिलेली तंबाखूची भुकटी. ती बायको लेकीच्या लहानपणापासून साठवायची. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की आमच्याकडच्या बायका ती भुकटी कोमट पाण्यात भिजवतात, गाळून डोक्याला चोळतात. ढेकणालाही तेच. तो डबा फडताळात वरच्या फळीवर राहिला.

लेक वैरागला दिलेली. ती महिनाभर राहून गेली. गेल्यावर मी एकटा. पहिल्या रात्री मी पायथ्याची उशी उचलून डोक्याखाली घेतली. माझी बाजूला ठेवली. तिच्या उशीला तोच वास होता. शिंक आली नाही.

चैत्र लागला आणि माझं डोकं खाजायला लागलं.

आधी मी मनावर घेतलं नाही. मग इतकं खाजायला लागलं की हात खाली राहीना. नखात पांढरे पापुद्रे यायचे, कधी रक्त. अक्का म्हणाली, "कोंडा हाय. दही लावा." दही लावलं. लिंबू लावलं, ते झोंबलं. खोबरेल तेलात कापूर घालून लावला. कडुलिंबाचा पाला उकळून ओतला. एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी होतं तसं. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, की मी डोकं धूत होतो कपड्याच्या साबणानं. आयुष्यभर दर रविवारी तिनं शिकेकाईचं पाणी करून ठेवलं, मी ओतून घेतलं. शिकेकाई कुठल्या डब्यात आहे हेही मला माहीत नव्हतं. मोरीत कपड्याची वडी होती, ती मी अंगाला लावली, डोक्यालाही लावली. फेस होतोय म्हणजे धुतलं जातंय, एवढीच माझी अक्कल.

मग डबा आठवला.

मूठभर भुकटी कोमट पाण्यात भिजवली. ती करायची तशी गाळली. डोक्यावर चोळली. एवढं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, पण मग सगळं बधिर झालं. महिन्यात पहिल्यांदा खाज थांबली. ती लगेच धुऊन टाकायची, हे मला आठवत होतं. पण म्हटलं, थोड्यानं एवढा गुण येतो तर जास्त ठेवू. वरून ओला पंचा बांधला आणि दुपारपर्यंत तसाच बसलो. एका दिवसाआड हे सुरू झालं, नंतर रोज.

चक्कर त्याच आठवड्यात सुरू झाली. आता हे लिहिताना सरळ दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

सकाळी अंघोळ करून पंचा बांधून बसलो की तासाभरात तोंडाला पाणी सुटायचं. कपाळावर गार घाम. मग पोटात ढवळायचं आणि खोली हळूच डावीकडे कलायची. समोरचं सूप भिंतीवरून घसरतंय असं वाटायचं. डोळे मिटले तर जास्त. मी भिंत धरून बसायचो आणि पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "घर फिरतंय."

तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. बरं वाटलं. म्हटलं, ही तिची चक्कर आहे, मला द्यायची राहिली होती, आता दिली. घ्यायला पाहिजे. म्हणून मी बरेच दिवस कुणाला बोललो नाही.

पण लपलं नाही. अक्कानं दोनदा मला दाराची चौकट धरून उभा बघितला.

"ऊन लागलंय," ती म्हणाली. सोलापुरात चक्कर म्हटलं की पहिलं नाव उन्हाचंच. कांदा खिशात ठेवला, ताक प्यालो. फरक नाही. मग तिनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून म्हणाली, "बघा, दृष्टच हुती."

"माझ्यासारख्या थेरड्याला कोण दृष्ट लावतंय गं?"

"तीच लावणार की. वर बसून बघत आसंल, ह्यो माझ्याबिगर कसा जेवतो म्हणून."

दोघंही हसलो. मग ती पदर तोंडाला लावून घरात गेली.

औषधाच्या दुकानदाराला सांगितलं तर त्यानं चक्करची गोळी दिली. गोळीनं नुसती झोप यायची. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला मानेचे मणके. दुसरा म्हणाला पित्त. तिसरा म्हणाला चष्मा बदला. लेक फोनवर म्हणाली, "अप्पा, बीपी बघून घ्या." मी म्हणालो, "बघतो." सगळे सांगत होते ते अगदीच खोटं नव्हतं, त्या सगळ्या कारणांनी चक्कर येते हे मी पुढे डॉक्टरकडूनच ऐकलं. पण डोक्यावरच्या पंच्याकडे कुणी बघितलं नाही. आमच्या गल्लीत तंबाखूचा वास कुणाला येतच नाही. सगळ्या गल्लीलाच तो आहे.

आणि एक दिवस पडलो. उंबऱ्यावरून, तोंडावर. भुवई फुटली. अक्कानं हळद दाबली आणि मला न विचारता लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं भुवई बघितली.

"कधीपासनं येती चक्कर?"

"झालं महिनाभर."

"आन् कुणाला सांगितलं?"

मी भुवईवरची हळद चाचपली.

"अव्वा सांगत हुती तवा तुमी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "आता तुमाला येती तर तुमी सांगत न्हाई. तुमचं तोंड नेमकं कवा उघडतंय अप्पा? शिव्या द्यायलाच का?"

लेकीनं असं बोलायला नको असं लोक म्हणतील. मला वाटलं, एवढ्यावर कसं भागलं.

सात रस्त्याजवळ एक डॉक्टरीणबाई बसते. लहान आहे, माझ्या नातीएवढी वाटली. रिक्षातून उतरताना लेकीनं माझा दंड धरला होता आणि सोडला नाही. डॉक्टरीणबाईनं बसवून बीपी बघितलं, मग उभं करून बघितलं. बोटातलं रक्त घेऊन साखर बघितली. बोट डोळ्यांसमोर फिरवलं. एका रेषेत चालायला लावलं. कानात बत्ती घालून बघितली. मी मागावर होतो सांगितल्यावर म्हणाली, खटखटाटानं ऐकू कमी येतं ते वेगळं, पण कानाच्या आतल्या भागानं तोलही जातो, म्हणून बघते. कुठल्या गोळ्या घेता ते दाखवा म्हणाली. मी चक्करची गोळी दाखवली. ती बाजूला काढली.

सगळं बघून झालं आणि तिला काही सापडलं नाही. ती खुर्ची सरकवून माझ्या जवळ आली आणि तिनं वास घेतला.

"आजोबा, तंबाखू खाता?"

"न्हाय. जन्मात न्हाय."

"विडी?"

"बायको वळायची. मी वडली न्हाय."

"मग वास कसला येतोय?" तिनं माझ्या डोक्यावरचा पंचा सोडला. टाळूवर जागोजाग खाजवून सालटं गेलेली होती. "डोक्याला काय लावलं?"

मी सांगितलं. डबा, पाणी, पंचा. लेक मागं उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा! ते लावून लगीच धुत्यात की!"

डॉक्टरीणबाईनं सोपं करून सांगितलं. तंबाखू तोंडातूनच लागते असं नाही. कातडीही ती पिते. ओली असली की जास्त, आणि कातडी फुटलेली असली तर विचारूच नका. वर पंचा बांधून तुम्ही ती कोंडून ठेवत होता. मळमळ, घाम, तोंडाला पाणी, चक्कर, सगळं त्याचंच दिसतंय. आजपासून बंद. खाजेला तिनं कोंड्याचा औषधी शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा लावायचा, पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचा. कपड्याचा साबण डोक्याला लावायचा नाही. जखमांना मलम. उशीचा अभ्रा, पंचा, टोपी गरम पाण्यात धुवायची. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. रक्त तपासायला लिहून दिलं. चक्करबरोबर कधी जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गेला, छातीत दुखलं, तर घरी थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मी ऐकत नव्हतो. मला एकच विचारायचं होतं.

मी म्हणालो, "बाई, माझी बायको चाळीस वर्षं तेच सूप मांडीवर घेऊन बसली. तिला चक्कर यायची. डोकं खाजायचं. ते ह्याच्यानंच का?"

"असू शकतं," ती म्हणाली. "विड्या वळणाऱ्या बायका येतात माझ्याकडे, असंच सांगतात. पण रक्त कमी असलं तरी चक्कर येते. उपाशी राहून येते. खूप वेळ बसून एकदम उठलं तरी येते. बीपी होतं का त्यांना?"

"म्हाईत न्हाय."

"कधी तपासलं होतं?"

"न्हाय."

"मग आता सांगता येणार नाही, आजोबा."

"आणलं आसतं तर?"

तिनं चिठ्ठीवरचं पेन थांबवलं. पोर खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "आणलं असतं तर तपासलं असतं."

एवढंच. बीपी बघायला तिला किती वेळ लागला ते मी बघितलं होतं. माझी अर्धी दाढी होते तेवढा. आमच्या घरापासून सात रस्ता रिक्षानं किती लांब आहे ते मला माहीत आहे. बायकोनं एकदाच तोंडानं म्हटलं होतं, गेल्या दिवाळीच्या अगोदर, "एकदा दाखवून येऊ की." मी म्हणालो होतो, "उद्या बघू." तिनं मान हलवली आणि सूप ओढलं. परत म्हणाली नाही. मला तर दिवसभर काम नव्हतं, मी दारात बसून गल्लीतली कुत्री मोजत होतो.

रिक्षात मी वाट बघत होतो, लेकीनं बोलावं म्हणून. तिनं फक्त दंड धरला होता, पण आता तेवढा घट्ट नाही.

घरी आल्यावर तिनं पहिला तो डबा उचलला आणि बाहेर नाल्यात रिकामा केला. मी अडवलं नाही. मग पंचा, टोपी पातेल्यात उकळत घातली. मग उशीकडे वळली. तेव्हा मी उठलो, एकदम उठलो, आणि खोली कलली. भिंत धरून म्हणालो, "ती ठिव."

"अप्पा, अभ्रा धुवायचा हाय."

"ठिव म्हणतोय न्हवं."

"त्यातबी तंबाखूच हाय! तुमाला परत पडायचंय का?"

"मी आता तिच्यावर झोपत न्हाय. पर धुवू नको."

तिनं उशी नाकाला लावली. बराच वेळ लावून उभी राहिली. मग जिथून उचलली तिथं ठेवली आणि म्हणाली, "चहा करते." चूल नाही आमच्यात आता, गॅस आहे, तरी आत धुराचं निमित्त सांगून नाक ओढत होती.

लेक चार दिवसांनी गेली. जायच्या आधी तिनं शिकेकाईचा डबा दाखवला. मिठाच्या बरणीमागं होता.

चक्कर थांबली. पंचा सुटल्यापासून दोन दिवसांत बंद झाली. खाजेला महिना लागला, पण तीही गेली. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. म्हणजे मला काहीच झालेलं नव्हतं.

परवा अक्काच्या दारावरून जात होतो. ती सुपावर वाकली होती. पाणी घ्यायला उठली आणि तिचा हात भिंतीकडे गेला. डोळे मिटून उभी राहिली. मी थांबलो.

"अक्का, चक्कर येती का?"

"येती की. सगळ्यांनाच येती."

"सात रस्त्याला एक बाई हाय. चल, दाखवून येऊ."

"अगोबाई! अण्णा मला फिरवायला नेणार," ती हसली. "बायकोला कवा नेलं न्हाई आन्..." मग तिनं जीभ चावली. खाली बसली, पानावर कात्री चालवायला लागली. "एवढं सूप होऊ द्या. उद्या बघू."

मी तिच्या उंबऱ्यावर बसलो.

"बसलासा का?"

"सूप हुईस्तोवर बसतो."

तिनं तेलगूत काहीतरी म्हटलं, शिवी असावी. मी उठलो नाही. दुपार कलली. उन्हानं पायरी तापली होती. ती वळत राहिली, अधूनमधून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी सूप बाजूला सारून म्हणाली, "चला बाबा, न्हाईतर तुमी माझ्या दारातच मराल." उठताना मी तिला आधी बसून राहायला सांगितलं, मग उभं राहायला. तिचं बीपी बघायला तेवढाच वेळ लागला. रक्त लई कमी निघालं. गोळ्या चालू आहेत. विड्याही चालू आहेत.

तिला नेलं म्हणून माझं काही फिटलं नाही. ते फिटणारं नाही, आणि फिटावं अशी आशा मी धरतही नाही.

उशीचं सांगायचं राहिलं. ती धुतली नाही आणि तिच्यावर डोकंही ठेवत नाही, लेकीला शब्द दिलाय. आधी ती पायथ्याला ठेवली होती, बायकोच्या जागेवर. दोन रात्री तसा झोपलो. झोप लागेना. तिसऱ्या दिवशी अंथरूण घालताना मी ती उचलली आणि वर, भिंतीकडं, माझ्या जागी ठेवली. माझी उशी खाली घेतली.

आता मी पायथ्याला झोपतो.